हुंडी, हवाला आणि बिटकॉइनची किल्ली

जुलै २०२३ मध्ये, १३ आणि १४ तारखेला, गुरुग्राम येथे जी-२० राष्ट्रांची एक परिषद भरली होती. एनएफटी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मेटाव्हर्स यांच्या युगातील गुन्हे व सुरक्षा, असा तिचा लांबलचक विषय. उद्घाटनाच्या भाषणात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सुरक्षेपुढील आव्हाने कशी बदलत गेली हे दोन जोड्यांत सांगितले. डायनामाइटपासून मेटाव्हर्सपर्यंत ही एक जोडी, आणि हवाल्यापासून क्रिप्टोकरन्सीपर्यंत ही दुसरी. पहिल्या जोडीबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. दुसरी मात्र तेव्हापासून माझ्या मनात घोळते आहे, कारण प्रशासनातील बहुतेकांची समजूत तिच्यात नेमकी उतरली आहे. क्रिप्टो म्हणजे नवा हवाला. ना बँक, ना सही, ना सरहद्द. पैसा निनावी, म्हणून गुन्हेगारांचा लाडका. विरुद्ध बाजूचे लोक विचारतात की खिशातील नोटसुद्धा निनावीच असते, मग बिटकॉइनलाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता? आणि खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २०१७ सालीच सांगितले आहे.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे हे चलन निनावी आहे. माझ्या मते गाडी तेथेच चुकीच्या रुळावर जाते. आपल्या देशातील सर्वांत गाजलेल्या बिटकॉइन प्रकरणाचा तपास पुण्यात सुरू झाला. त्यातील मुख्य आरोपीचे नाव, चेहरा, कंपनी, सर्व काही पहिल्या दिवसापासून जगजाहीर होते. सरकारजवळ नव्हती ती किल्ली. नाव आणि किल्ली यांमधील हा फरक कळण्यासाठी थोडे मागे जाऊ या, अगदी हुंडीपर्यंत.

हवाल्याचे मूळ हुंडीत आहे असे सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पेशवाईत उत्तरेकडील वसुली पुण्यास येई ती पुष्कळशी हुंडीनेच. रोकड लादून माळव्यातून आणणे म्हणजे वाटमाऱ्यांना आमंत्रण देणे. हुंडीचे प्रकारही अनेक. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पटवायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे, म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदावर. आपल्या विषयाला लागू पडते ती शाहजोग हुंडी. शाह म्हणजे बाजारात पत असलेली असामी. हा कागद हातोहात फिरे, मधल्या हातांची नावे त्यावर असतीलच असे नाही. पण शेवटी पैसे मोजून घेणारा पेढीच्या ओळखीचा, पतदार मनुष्य असावा लागे. पैसे चुकते झाले की हुंडी ‘खोखा’ होई. मूळ कागद गहाळ झाला तर त्याची ‘पेठ’ निघे आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. ही व्यवस्था इतकी पक्की होती की १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा करताना इंग्रज सरकारने देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

हुंडी निनावी होती काय? सरकारच्या दृष्टीने जवळजवळ होती. बाजाराच्या दृष्टीने मुळीच नव्हती. पेढीच्या वहीत सर्व नोंद असे, पण वही पेढीच्या आत आणि ओळख सराफाच्या डोक्यात. हवाल्याने हीच रीत उचलली आणि कागदही कमी केला. एखादी खूण, एखाद्या नोटेचा क्रमांक एवढ्यावर सुरतेत दिलेली रक्कम दुबईत मिळते. तेथेही देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत असतातच. आंधळे असते ते सरकार.

आणि निनावी पैशाशी सरकारचे वैर आहे असे मानणे हाही भाबडेपणा ठरेल. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील ३१ वे कलम काढून पाहावे. धारकास मागताक्षणी देय असे वचनपत्र काढण्याचा अधिकार त्याने फक्त रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याकडे राखून ठेवला आहे. म्हणजे निनावीपणावर बंदी नाही, मक्तेदारी आहे. १९४६, १९७८ आणि २०१६ अशा तीन वेळा मोठ्या नोटा रद्द करून सरकारने स्वतःच दिलेल्या निनावीपणाचा हिशेब मागितला. तिसऱ्या वेळी रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे. मधल्या काळात १९८१ साली विशेष धारक रोखे निघाले. दहा हजारांचा रोखा घ्यावा, दहा वर्षांनी बारा हजार घ्यावेत. पैसा कोठून आणला हे कोणी विचारणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती योजना वैध ठरवली. अलीकडचे निवडणूक रोखे २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरले, आणि नंतर रोख्यावरील क्रमांक जुळवून देणारा कोण व घेणारा कोण हे काही दिवसांतच वर्तमानपत्रांत छापून आले. निनावी म्हणवणारी बहुतेक साधने कोणा तरी एकासाठी निनावी असतात, सर्वांसाठी नाही, ही बाब येथे टिपून ठेवण्याजोगी आहे.

आता हवाल्याच्या त्या प्रकरणाकडे वळतो, जे माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी फार जवळून पाहिले. १९९१ साली दिल्लीत एका दहशतवादी संघटनेच्या संदर्भातील अटकेपासून धागा निघाला आणि सीबीआय जैन बंधूंपर्यंत पोचली. छाप्यांत डायऱ्या, वह्या आणि सुटी पाने मिळाली. त्यांत रकमा होत्या आणि रकमांपुढे आद्याक्षरे. आद्याक्षरांवरून नावे ओळखण्याचा खेळ मग वर्षानुवर्षे देशभर चालला. तपास हलत नाही म्हणून १९९३ मध्ये विनीत नारायण व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावरील १८ डिसेंबर १९९७ च्या निकालाने केंद्रीय दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा आणि सीबीआयच्या संचालकास किमान दोन वर्षांची मुदत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रशासनावरील व्याख्यानांत हा निकाल नेहमी सांगितला जातो. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २ मार्च १९९८ रोजी, त्याच डायऱ्यांबद्दल दिलेला दुसरा निकाल मात्र फारसा कोणी सांगत नाही.

व्ही. सी. शुक्ला खटल्यातील त्या निकालात न्यायालयाने पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमावर बोट ठेवले. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते. परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर जबाबदारी लादता येत नाही, तिला स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो. सुटी पाने तर हिशेबाची वहीच नव्हेत. खटला कोलमडला. रोजकीर्द सरकारच्या हाती होती, रकमा स्वच्छ वाचता येत होत्या, आणि तरीही आद्याक्षराला माणसाशी बांधणारी दोरी नव्हती. पुढे २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा झाला, तो १ जुलै २००५ पासून अमलात आला, आणि बँकांना ग्राहकाची ओळख पटवून नोंदी जपण्याचे बंधन आले. ती दोरी आधीच बांधून ठेवण्याचीच ही व्यवस्था होती.

बिटकॉइन कसे चालते ते या जैन डायरीच्या चष्म्यातून पाहिले तर चटकन समजते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिली नोंद झाली. तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार एकाच रोजकीर्दीत लिहिला गेला आहे. ही रोजकीर्द कोणा एका पेढीत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत आणि ती कोणालाही वाचता येते. खाडाखोड करता येत नाही, पान फाडता येत नाही. फक्त नावांच्या जागी अक्षरे व आकडे यांची लांब माळ असते, तिला पत्ता म्हणतात. त्या पत्त्यावरील रक्कम हलवायची तर त्याची खासगी किल्ली लागते, आणि ती किल्ली म्हणजेही एक मोठा आकडाच. ज्याच्यापाशी किल्ली त्याची रक्कम. हरवलेल्या किल्लीची पेठ नाही आणि परपेठही नाही.

म्हणजे हवाल्याच्या हे बरोबर उलटे झाले. हवाल्यात माणसे परस्परांना ओळखतात आणि वही लपलेली असते. बिटकॉइनमध्ये वही चव्हाट्यावर असते आणि माणूस आद्याक्षरांमागे. वही मिळवण्यासाठी छापे घालण्यात हयात घालवलेल्या खात्यांना खरे तर हे वरदान वाटायला हवे होते. जगात काही खात्यांना ते तसे वाटलेही. अमली पदार्थांचा ‘सिल्क रोड’ नावाचा गुप्त बाजार अमेरिकेच्या एफबीआयने ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद केला. २०२१ च्या मे महिन्यात कलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनीच्या कंपनीने संगणक सोडवण्यासाठी ७५ बिटकॉइनची खंडणी भरली. पुढच्याच महिन्यात त्यातील ६३.७ बिटकॉइन एफबीआयने परत मिळवले, कारण ज्या पत्त्यावर ते पोचले होते त्याची किल्ली तिच्या हाती आली होती. मोनेरोसारखी नाणी आणि व्यवहार घुसळून मिसळणाऱ्या सेवा यांनी हा माग पुसट होतो हे मान्य. पण गुन्ह्यातला पैसा कधी तरी रुपयांत किंवा डॉलरांत उतरवावा लागतो, आणि त्या उताराच्या घाटावर ओळखपत्र मागणारा कोणी तरी उभा असला तर दोरी बांधता येते. भारतात हे बंधन ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोच्या व्यवहार-मंचांवर आले. जुलैतील गुरुग्राम परिषदेच्या चारच महिने आधी.

गुरुग्रामचेच उदाहरण घेतो. त्या परिषदेच्या अडीच महिने अगोदर, एप्रिल २०२३ च्या अखेरीस, हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजारांच्या फौजेनिशी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एका रात्रीत छापे घातले होते. नूह, म्हणजे पूर्वीचा मेवात जिल्हा, २००५ साली गुडगाव व फरीदाबाद यांतून काढलेला. परिषदेच्या मंडपापासून तास-दीड तासाच्या अंतरावर. देशभरातील माणसांना फोनवरून लुबाडणाऱ्या टोळ्यांचे ते ठाणे. त्यांची साधने काय होती? खोट्या नावाची सिम कार्डे आणि दुसऱ्यांच्या नावाने उघडलेली बँक खाती. म्हणजे ओळख पटवण्याची व्यवस्था जेथे कायद्याने सक्तीची आहे तेथेच निनावीपणा तयार करून घेतला होता, आणि तोही स्वस्तात. निनावीपणा यंत्रात नसतो, तपासणीच्या ढिलाईत असतो, असे मी त्यावरून मानतो. क्रिप्टोच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे वाक्य आवडेल. पण पुढे जे सांगायचे आहे ते त्यांना तितकेसे आवडणार नाही.

पुण्याच्या प्रकरणाकडे येतो. २०१५ च्या सुमारास दिल्लीच्या अमित भारद्वाज याने ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना सुरू केली. एक बिटकॉइन ठेवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन घ्या. म्हणजे एकाचे दीड वर्षात एक पूर्णांक आठ. नवे सभासद आणणाऱ्यास त्याचा निराळा मोबदला. साखळी-योजनांचा हा जुनाच सांगाडा. कधी साग लावणाऱ्या कंपन्यांनी, कधी शेळ्या पाळणाऱ्यांनी त्यावर मांस चढवले, येथे संगणकाने चढवले. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या कंपनीच्याच नाण्यात मिळू लागला, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती, आणि ठेवीदार जागे झाले. त्या सुमारास बिटकॉइनचा भाव आकाशाला भिडत होता. आपण ठेवले ते सोने आणि परत मिळाले ते पितळ, हे कळण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. सक्तवसुली संचालनालयाने पुढे २०२४ मध्ये या योजनेत गोळा झालेल्या रकमेचा आकडा ६,६०० कोटी रुपये सांगितला.

ध्यानात घ्यावे की या सर्व काळात निनावी काहीही नव्हते. भारद्वाज सभा घेत होता, व्यासपीठावरून बोलत होता, छायाचित्रांत झळकत होता. ठेवीदाराला गळ घालणारा बहुधा शेजारी, मेहुणा किंवा कार्यालयातील सहकारी. शाहजोग हुंडीसारखाच पतीचा व्यवहार, फक्त शाह खोटा. नव्या चलनाचा अंधार नव्हे, जुन्या ओळखीचा उजेड लोकांना या योजनेत घेऊन गेला.

एप्रिल २०१८ च्या पहिल्या आठवड्यात पुणे पोलिसांनी त्याला दिल्लीच्या विमानतळावर पकडले. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोशी संबंध तोडण्याचे फर्मान काढले. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी प्रमाणाबाहेरचे ठरवून रद्द केले. आणि त्या फर्मानानंतर आठवडाभरातच दिल्लीच्या कॉइनसिक्योर या व्यवहार-मंचाने जाहीर केले की त्याच्याकडील ४३८ बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे एकोणीस कोटींचे, चोरीस गेले. तेथेही कथा किल्लीचीच. या योगायोगाकडे तेव्हा फार कोणी पाहिले नाही. धोरण ठरवणारे लोक चलन असावे की नसावे यावर भांडत होते. तिकडे ज्याच्या हाती किल्ली तो मालक, हे सूत्र रोज कोठे ना कोठे सिद्ध होत होते.

आरोपी हाती आला; आता मुद्देमाल. संगणक, मोबाइल, कागदपत्रे यांचा पंचनामा होतो, सीलबंद पाकिटावर पंचांच्या सह्या होतात, मुद्देमाल कक्षात नोंद होते. बिटकॉइनचे काय करायचे? उपकरण सील केले म्हणून बिटकॉइन सील होत नाहीत. किल्लीची दुसरी प्रत कोणाकडेही असली तर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तो रक्कम हलवू शकतो. तपास करणाऱ्यांनी पाकीट उघडून रक्कम सरकारच्या ताब्यातील पत्त्यावर हलवायला हवी. २०१८ मध्ये हे कसे करायचे, सरकारचा पत्ता कोणता, त्याची किल्ली कोणी ठेवायची, याचा नियम मला माहीत असलेल्या कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. पुणे पोलिसांनी बाहेरचे दोन तज्ज्ञ मदतीला घेतले. एक तर भारतीय पोलीस सेवेतून बाहेर पडलेला. पुढे मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच या दोघांना अटक केली. आरोप असा की आरोपींची पाकिटे उघडताना त्यांनी त्यातील बिटकॉइन परस्पर वळवले आणि पोलिसांना शिल्लक कमी दाखवणाऱ्या, फेरफार केलेल्या पडद्याच्या प्रतिमा दिल्या. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मी येथे मुद्दाम लिहितो. पण प्रशासनाचा प्रश्न त्यांच्या दोषावर अवलंबून नाही. शिल्लक किती हे प्रत्येक क्षणी जगाला दिसणाऱ्या रोजकीर्दीत लिहिलेले असताना सरकारी तपास दुसऱ्याने दिलेल्या चित्रावर विसंबावा, हे कसे घडले?

असे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. सिल्क रोडच्या तपासात असलेले अमेरिकेचे दोन अधिकारी, अमली पदार्थ विरोधी खात्याचा कार्ल फोर्स आणि सीक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस, तपासादरम्यान बिटकॉइन चोरल्याबद्दल २०१५ मध्ये शिक्षा होऊन तुरुंगात गेले. त्यांना पकडून दिले ते त्याच उघड्या रोजकीर्दीने. पुढचा भाग अधिक बोलका आहे. सीक्रेट सर्व्हिसच्या ताब्यातील जप्त बिटकॉइनच्या एका पाकिटाची किल्ली ब्रिजेसपाशी राहिली होती. ती रक्कम दुसरीकडे हलवावी अशी सूचना होऊनही हलवली गेली नाही, आणि त्याने त्यातील सुमारे १,६०० बिटकॉइन उचलले. त्याबद्दल २०१७ मध्ये त्याला आणखी दोन वर्षांची शिक्षा झाली. कुलूप न बदलता चोराच्या घराचा ताबा घेण्यासारखेच हे. पुण्याबद्दल बोलायचे तर तेलगीच्या मुद्रांक प्रकरणातही तपास करणाऱ्यांपैकी काही पोलीस अधिकारी आरोपी म्हणून उभे राहिले होते. जेथे मुद्देमालाची मोजणी अवघड तेथे हा धोका नेहमीच असतो.

परिविक्षाधीन असताना मला कोषागारात बसवले होते. तरुण वयात तो काळ मला अत्यंत कंटाळवाणा वाटे. भक्कम खोली, तिला दुहेरी कुलूप, एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे व दुसरी रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. आत जाण्याची, बाहेर येण्याची, मोजणीची नोंद. बाहेर पोलीस पहारा. किल्ल्यांचा दुसरा संच अन्यत्र ठेवलेला. त्यात मुद्रांक असत, निवडणुकीचे कागद असत, कधी एखाद्या खटल्यातील दागिन्यांची पेटी असे. गंमत अशी की बिटकॉइनच्या जगाने हीच रीत स्वतंत्रपणे शोधून काढली आहे. तीनपैकी दोन किल्ल्या लागल्याशिवाय रक्कम हलणार नाही असे पाकीट बनवता येते आणि मोठ्या रकमा बाळगणारे ते वापरतात. म्हणजे ज्या प्रशासनाला दुहेरी कुलूप दीडशे वर्षे पाठ होते त्यानेच नवा मुद्देमाल एकेरी कुलपाच्या स्वाधीन केला. तपास अधिकारी एक किल्ली, न्यायालयाचा कर्मचारी दुसरी, कोषागार तिसरी, एवढी साधी व्यवस्था ठरवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. पंचनाम्यात पाकिटाचा पत्ता, तारीख-वेळ, शिल्लक आणि हस्तांतरणाच्या व्यवहाराचा क्रमांक लिहिला की कोणताही पंच, वकील किंवा ठेवीदार स्वतःच्या मोबाइलवर तो पडताळून पाहील. सोन्याच्या मुद्देमालाबाबत हे कधीच शक्य नव्हते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. चांगलेच आहे. मात्र चित्रीकरणात किल्लीचा आकडा पडद्यावर दिसला तर ज्याने ते चित्रीकरण पाहिले तो मालक झाला, एवढे तरी ठाणे अंमलदाराला कोणी सांगितले असेल अशी आशा करतो.

दरम्यान भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये हृदयविकाराने मरण पावला. जी काही किल्ल्यांची माहिती त्याच्या डोक्यात होती ती त्याच्याबरोबर गेली. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भावाला पाकिटाचे वापरनाव व संकेतशब्द सक्तवसुली संचालनालयास देण्याचा आदेश केला. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून एका पासवर्डची मागणी व्हावी, हा प्रसंग कायद्याच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवावा असा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. डोक्यातील किल्ली ही साक्ष की तिजोरीची किल्ली, या प्रश्नाची पूर्ण उकल अजून व्हायची आहे. खासगीपणाचा खरा वाद मला येथे दिसतो, नाण्याच्या निनावीपणात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांतील गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत दिल्ली परिसराबरोबर पुणे, नांदेड आणि कोल्हापूर ही नावे होती. त्यांतून २३.९४ कोटी रुपयांचे क्रिप्टो जप्त झाले. हा आकडा ६,६०० कोटींच्या शेजारी ठेवून पाहावा.

आणि जे जप्त झाले ते वाटायचे कसे, हा महसूल खात्याच्या दारी येणारा प्रश्न आहे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली सक्षम प्राधिकारी म्हणून बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी नेमला जातो, मालमत्ता जप्त करतो, विकतो आणि न्यायालयाच्या आदेशाने ठेवीदारांत वाटतो. जमीन, सदनिका, मोटारी यांचे मूल्यांकन त्याला जमते. पण २०१६ मध्ये एखाद्याने चाळीस हजारांना घेतलेला एक बिटकॉइन योजनेत ठेवला असेल, तर त्याला परत काय द्यायचे? चाळीस हजार रुपये, की एक बिटकॉइन, ज्याची किंमत आज लाखांत मोजावी लागते? विक्री जप्तीच्या दिवशी करायची की निकालाच्या? जर्मनीत सॅक्सनी राज्याने जप्त केलेले सुमारे पन्नास हजार बिटकॉइन, भाव कोसळण्याची भीती दाखवून, २०२४ च्या उन्हाळ्यात निकालाआधीच विकून टाकले. त्यातून अडीच अब्ज युरोंहून अधिक रक्कम आली, आणि त्याच वर्षअखेर भाव कितीतरी वर गेला. आपल्या उपविभागीय अधिकाऱ्याने असे केले असते तर त्याच्यामागे लेखापरीक्षणाचा ससेमिरा लागला असता. न विकता भाव पडला असता तरीही लागला असता. त्याच्या टेबलावर ही नस्ती येईल तेव्हा वरची टिप्पणी कोणत्या नियमाच्या आधारे लिहायची हे मी माझ्या काही तरुण सहकाऱ्यांना विचारले. दोघांनी उत्तर दिले नाही. तिसऱ्याने मुद्रांक शाखेकडे बोट दाखवले.